वयाचा कोरा रकाना

“मग ती पानावर का दिसली नाही?”

रेठरेकर बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. आवाज चढवला नाही. शाळेतही त्या कधी आवाज चढवत नसत, आणि तरी वर्ग चिडीचूप असायचा.

जयवंत मुळीकने चहाचा कप खाली ठेवला.

“बाई, नोंदच अपुरी होती.”

“कुणी अपुरी ठेवली?”

“...तुम्ही. वयाचा रकाना कोरा होता.”

बाईंनी मान हलवली. एवढंच त्याच्या तोंडून ऐकायचं असावं, तशी.

जयवंत पाचवीत असल्यापासून बाई त्याला ओळखत होत्या. गणित त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कराडपासून तासाभरावर, माळावरच्या एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये निवारागृह काढलं. भान हरपून रस्त्याला लागलेल्या बायका तिथे येत. कधी पोलीस आणून सोडत, कधी एस. टी.चा कंडक्टर, कधी कुणी भाजीवाली हाताला धरून आणी. आज अठ्ठावन्न जणी होत्या.

जयवंत पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला, नाव काढलं. तीन वर्षांपूर्वी तो आपणहून बाईंकडे आला होता. म्हणाला, बाई, एवढ्या वह्या कशाला? मी तुम्हाला इंटरनेटवर एक पान बनवून देतो.

त्याने ते बनवलंही. चार जिल्ह्यांतल्या सतरा निवाऱ्यांच्या नोंदी त्याने एका ठिकाणी आणल्या. ज्यांच्या घरची बाई हरवली आहे त्यांनी ते पान उघडायचं. वय किती ते किती, उंची, रंग, भाषा, जिल्हा, अशा चौकटी भरायच्या आणि ‘शोधा’ दाबायचं. चार हजारांवर नोंदींतून जुळतील तेवढ्याच फोटोंसकट समोर येत. फुकटात केलं होतं सगळं. साताऱ्याला मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. ते कात्रण त्याने चौकट करून पुण्याच्या घरात लावलं होतं.

परवा बाईंचा फोन आला, “रविवारी ये.” त्याला वाटलं, पुन्हा काहीतरी कार्यक्रम असेल. तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

आणि बाईंनी त्याला एका मुलीची गोष्ट सांगितली.

महानंदा तिचं नाव. जत तालुक्यातली. बाळंतपणात मूल गेलं, आणि मुलाबरोबर हिचं बोलणंही गेलं. सासरचे म्हणाले, हिला वारं लागलंय. एका सकाळी ती परड्यात गेली ती परत आलीच नाही. सासरच्यांनी तिच्या बापाला आठ दिवसांनी कळवलं.

ती कशी, कुठून हिंडली, देव जाणे. पोलिसांनी तिला कराडच्या स्टँडवरून उचलून बाईंकडे आणलं. पाय सुजलेले. बोलत नव्हती. नाव नाही, गाव नाही. निवाऱ्यातल्या बायकांनीच तिचं नाव अबोली ठेवलं. बाईंनी संगणकावर नोंद केली. उंची मोजून लिहिली. रंग पाहून लिहिला. फोटो लावला. वयापाशी मात्र हात थांबला. पंचवीस म्हणावं तर डोळ्यांखाली चाळिशी, चाळीस म्हणावं तर हाताची कातडी पोरीसारखी. बाईंनी रकाना कोरा सोडला.

तेरा महिने ती तिथे होती. भाद्रपदात कावीळ झाली. सहा दिवस दवाखान्यात काढले. सातव्या दिवशी गेली.

आणि त्यानंतर एकोणीस दिवसांनी तिचा बाप फाटकात येऊन उभा राहिला.

“वडिलांनी पानावर नक्की शोधलं होतं?” जयवंतने विचारलं.

“ते म्हणतात, कितीतरी वेळा.”

“आणि सापडली नाही.”

“म्हणून तर तुला बोलावलं.”

जयवंत पुढे सरकून बसला. मग तो समजावून सांगू लागला. समजावणं त्याला चांगलं यायचं. कंपनीत नवीन मुलांना तोच शिकवायचा.

“बाई, संगणक प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारतो. तुझं वय या दोन आकड्यांच्या मधे आहे का? नोंद हो म्हणाली तर तिला आत घेतो. नाही म्हणाली तर बाहेर.”

“आणि कोरा रकाना काय म्हणतो?”

“काहीच म्हणत नाही.”

“मग?”

“हो म्हणाला नाही, म्हणजे... बाहेर.”

“असं का?”

“नियमच तसा आहे. सगळीकडे तसाच असतो.”

“तुला ठाऊक होता हा नियम?”

“...हो. पण मी गृहीत धरलं होतं की सगळे रकाने भरतील. वय माहीत नसेल तर अंदाजे टाकायचं असतं, बाई. साधी गोष्ट आहे.”



“अंदाजे तीस टाकलं असतं तर?”

“तर दिसली असती.”

“बेचाळीस टाकलं असतं तर? साफ चुकीचं?”

“शोधणाऱ्याने मोठं अंतर टाकलं असतं तर तेव्हाही दिसली असती.”

“म्हणजे मी खोटं लिहिलं असतं तर ती पोरगी घरी गेली असती.”



“मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत नाही असंच ठेवलं. त्याचा मला अभिमान होता रे...” बाई म्हणाल्या. “तुझं पान तीन वर्षांत मी एकदाही उघडून शोधून बघितलं नाही. नुसत्या नोंदी भरत गेले. माझ्या चुकीचं माझ्याकडे आहे. तू तुझं बघ.”

पडवीच्या टोकाला एक म्हातारा उकिडवा बसून बाज विणत होता. दोरी ताणायची, पायाने दाबायची, पुन्हा ताणायची. जयवंतने येताना त्याला पाहिलं होतं. निवाऱ्यातला गडी असेल असं समजून गाडीतली खोकी उतरवायलाही सांगितलं होतं. म्हाताऱ्याने मुकाट्याने उतरवली होती.

“ते कोण?” त्याने आता विचारलं. विचारतानाच त्याला कळलं.

“गुरुलिंगाप्पा. तिचे वडील.”

“अजून इथेच आहेत?”

“दोन महिने झाले. चार दिवसांनी जातो म्हणतात. तेवढ्यात एखादी बाज मोडकी दिसते.”

जयवंतने लॅपटॉप उघडला. हात काहीतरी करायला मागत होते.

पानावर कोण काय शोधतं हे साठवून ठेवायची सोय त्यानेच केली होती. सत्कारात आकडे सांगायला ती उपयोगी पडली होती. आप्पांचा फोन नंबर बाईंकडून घेऊन त्याने टाकला.

अकरा शोध निघाले. सगळे जतच्या एका सेवा केंद्रातून.

पहिला शोध: स्त्री, वय सत्तावीस ते सत्तावीस, उंची पाच फूट एक इंच, रंग सावळा, भाषा कन्नड, जिल्हा सांगली. नोंद आढळली नाही.

दुसरा तसाच, जिल्हा सोलापूर. तिसरा, कोल्हापूर.

चौथा, सातारा.

जयवंतने तारीख पाहिली. त्या दिवशी ती इथे होती. या छपराखाली. येऊन चार महिने झाले होते, आणि पुढे नऊ महिने ती जगणार होती.

पाचव्या शोधात रंग बदलला होता. सहाव्यात उंची काढून टाकली होती. सातव्यात भाषा. एकेक करून बाप आपल्या पोरीच्या खुणा सोडत गेला होता. आठव्यात वय पंचवीस ते तीस. नवव्यात वीस ते चाळीस. दहाव्यात जिल्हाही गेला.

अकराव्यात फक्त दोन गोष्टी उरल्या होत्या. स्त्री. वय अठरा ते साठ.

नोंदी आढळल्या: तीन हजार दोनशे चार.

जयवंत पुढचं वाचू लागला आणि हळूहळू त्याचा हात थांबला.

एका पानावर वीस फोटो येत. आप्पांनी पहिलं पान उघडलं होतं. मग दुसरं. मग तिसरं. त्या दिवशी सदतीस पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी अडतिसावं. चार दिवस. एकशे एकसष्टाव्या पानापर्यंत.

तीन हजार दोनशे चार अनोळखी बायकांचे चेहरे त्या माणसाने बघितले होते. एकेक. त्यांत आपली पोर नाही याची खात्री करत.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही...”

“वयाची चौकट भरलीच नसती तर? सगळ्या दिसल्या असत्या ना? कोऱ्यासुद्धा?”

जयवंत स्क्रीनकडे बघत राहिला.

“जयवंत.”

“भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लाल चांदणी आहे तिथे. सक्तीची चौकट.”

“कुणी केली सक्तीची?”

त्याला तो दिवस आठवला. सत्काराआधी एका खात्याच्या साहेबांना तो पान दाखवत होता. साहेबांनी काहीच न भरता ‘शोधा’ दाबलं. चार हजार फोटो एकदम यायला निघाले आणि पान अडकलं. पांढरं झालं. साहेब हसले. शेजारचेही हसले. “मुळीक, तुमच्या बायका काही बाहेर यायला तयार नाहीत,” असं काहीतरी म्हणाले. जयवंतचे कान तापले होते. त्याच संध्याकाळी त्याने वयापुढे लाल चांदणी लावली. रिकामा शोध बंद. पुन्हा कुणी हसलं नाही.

“मी,” तो म्हणाला.

“का?”

“पान लवकर उघडावं म्हणून.”

हे पूर्ण खरं नव्हतं. बाईंना ते कळलं असावं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी फक्त पडवीच्या टोकाकडे पाहून हाक मारली.

“आप्पा... जरा इकडे या.”

म्हातारा दोरी पायाखालून सोडून उठला. आला. खुर्ची दाखवली तरी बसला नाही. टोपी सारखी करून उभा राहिला.

“हा जयवंत. ते पान यानं बनवलंय. तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं ना? त्याला विचारा.”

आप्पांनी जयवंतकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच जयवंतला जड गेलं. कुणी मोठा डॉक्टर भेटावा तसं ते बघत होते.

“सायेब, येक इच्यारू?”

“विचारा ना, आप्पा.”

“मी काय चुकीचं भरलं व्हतं का?”

जयवंतने लॅपटॉप जरा बाजूला सारला.

“न्हाई, म्हंजे... केंद्रातली पोरगी इच्यारायची, आन् मी सांगायचो. ती बिचारी शानी हाय. तिनं बराबर भरलं असंल. माज्याच सांगन्यात खोट आसंल. वय सत्तावीस सांगितलं मी. आमच्यात कोन लिवून ठेवतंय? दुस्काळाच्या दुसऱ्या साली झाली ती, त्यावरनं म्या मोजलं. अठ्ठावीस आसंल. न्हाईतर सव्वीस. ते चुकलं आसंल, म्हून मशिनीला वळकू आली न्हाई. तसंच हाय का?”

 पडवीत तांदूळ निवडणाऱ्या बायकांची सुपं थांबली.

आता एक वाक्य बोलायचं होतं. जयवंतला ते माहीत होतं.

“आप्पा, ते असं असतं...” तो म्हणाला, “म्हणजे शोधाच्या अटी आणि नोंदीतली माहिती यांचा मेळ बसावा लागतो. एखादी माहिती उपलब्ध नसेल तर प्रणाली ती नोंद ग्राह्य धरत नाही. त्यात बऱ्याच तांत्रिक बाबी...”

आप्पा लक्ष देऊन ऐकत होते. एकेक शब्द घेत होते. शेवटी त्यांनी मान डोलवली.

“म्हंजे माजंच चुकलं.”

जयवंतने समोरचा कप उगाच सरकवला.

“वाटलंच व्हतं मला,” आप्पा म्हणाले. “बापाला लेकीचं वय ठावं नसावं, म्हंजे काय...”

ते वळले. परत बाजेपाशी जाऊन बसले.

बाईंनी जयवंतकडे पाहिलंही नाही. त्या उठून आत गेल्या.

तो तिथेच बसून राहिला. वाटलं, उठावं, गाडी काढावी, पुणं गाठावं. कुणी अडवलं नसतं. पण त्याने लॅपटॉप पुढे ओढला. मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. पानाच्या पोटात शिरला, आज्ञा लिहिलेली जागा काढली. वयाची अट जिथे होती तिथे तिच्यापुढे आणखी एक तुकडा जोडला. बाकीच्या चौकटींनाही तसाच. वयावरची लाल चांदणी काढली.

घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं लागली होती.

तपासून बघायला हवं होतं. हाताला सवयच होती ती. त्याने आप्पांचा चौथा शोध जसाच्या तसा भरला. स्त्री. सत्तावीस. पाच फूट एक. सावळा. कन्नड. सातारा.

शोधा.

एक नोंद आढळली.

फोटो हळूहळू खालपर्यंत उतरला. विस्कटलेले केस कुणीतरी पाणी लावून बसवलेले. कपाळावर गोंदण. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, कॅमेरा धरणाऱ्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती.

“हीच की.”

जयवंत दचकला. आप्पा मागे उभे होते. हातात रिकामा तांब्या. पाणी प्यायला निघाले असावेत.

“हीच माजी म्हानंदा,” ते म्हणाले. चेहरा एकदम उजळला होता. खरंच उजळला होता. क्षणभर त्यांना बाकी सगळ्याचा विसर पडला होता. “बगा की! घावली. आता कशी घावली?”

मग त्यांचं त्यांनाच आठवलं.

तांब्या त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. जयवंत उठला. आता खुर्चीत बसून बोलणं त्याला जमेना.

“आप्पा, तुमचं काही चुकलं नव्हतं.”

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

“मघाशी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. तिचं वय इथे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते लिहिलेलं नव्हतं. आणि मी पान असं बांधलं होतं की जिचं वय लिहिलेलं नाही ती कुणालाच दिसायची नाही. तुम्ही काहीही भरलं असतं तरी.”

“सव्वीस भरलं आसतं तरी?”

“तरीसुद्धा.”

“अठ्ठावीस?”

“काहीही, आप्पा. तुमची चूक नव्हती. माझी होती.”

आप्पांनी खाली पाहिलं. 

“मी हिंडनारच व्हतो,” ते म्हणाले. “आदीच. पिशवी बी भरली व्हती. ती पोरगी म्हनाली, आज्जा, कशापायी हिंडतासा? सतराच्या सतरा ठिकानची मानसं हितं दिसत्यात. हितं न्हाई म्हंजे कुटंच न्हाई. म्हून ऱ्हायलो. शेवटाला तिच्याकडनं नावं लिवून घेतली आन् निगालो. येक येक ठिकान करत. ह्ये चौदावं.”

“आप्पा...”

“आन् आता कसं दिसाय लागली?”

“आत्ता दुरुस्त केलं.”

“किती येळ लागला?”

जयवंतला वाटलं, दोन दिवस म्हणावं. आठवडा म्हणावं. या माणसाला काय कळणार होतं? त्याने बाईंकडे पाहिलं. बाई उंबऱ्याकडे बघत होत्या.

“दहा मिनिटं,” तो म्हणाला.

आप्पा स्क्रीनकडे वाकले. 

“काय लिवलंत?” त्यांनी विचारलं. “दहा मिंटात. वाचा बगू.”

“ते इंग्रजीत आहे, आप्पा. संगणकाच्या भाषेत.”

“मला आपल्या भाषेत वाचा.”

जयवंत वाकला. ती ओळ शोधली. 

“वय इतकं ते इतकं असेल तर दाखव... किंवा वय कोरं असेल, तर तीही दाखव.”

“पुन्यांदा.”

“किंवा वय कोरं असेल, तर तीही दाखव.”

“कोरं आसंल...” आप्पा पुटपुटले. “तर तीबी दाखीव...”

त्यांनी ते दोनदा म्हटलं. एखादा पत्ता पाठ करावा तसं. मग स्क्रीनवरच्या चेहऱ्यापाशी बोट नेलं. काचेला लावलं नाही.

“येवडंच व्हतं व्हय,” ते म्हणाले.

शिवी नाही, शाप नाही. तांब्या उचलून ते रांजणाकडे गेले. पाणी प्याले. तोंड पुसलं. बाजेपाशी जाऊन बसले, आणि मघाशी घातलेले चार पीळ उसवून पुन्हा पहिल्यापासून घालू लागले. नंतर दिवसभर त्यांनी जयवंतकडे एकदाही पाहिलं नाही.

जयवंत खुर्चीत बसला. कोणी काही बोलावं असं त्याला वाटत होतं. रागवावं तरी. बाई जवळ येऊन बसल्या.

मग त्यानेच आणखी एक प्रश्न संगणकाला विचारला. वयाचा रकाना कोरा असलेल्या नोंदी किती?

तीनशे एकसष्ट.

सतरा निवाऱ्यांतल्या तीनशे एकसष्ट बायका. तीन वर्षांत एकदाही, कुणाच्याही शोधात न आलेल्या. त्यांतली एक आता नव्हती.

“बाई,” तो म्हणाला, “तीनशे साठ आहेत अजून.”

“हं.”

“आजपासून त्या दिसतील. कुणीही शोधलं तरी दिसतील.”

“आहेत का त्या?”

“म्हणजे?”

“नोंदी आहेत. त्या आहेत का?”

जयवंतने पानाकडे पाहिलं. नाव होतं, उंची होती, रंग होता, कधी आली ती तारीख होती. पुढे काय झालं याला जागाच नव्हती. तशी चौकट करावी हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

“ते यावरून कळत नाही,” तो म्हणाला. “पण सोपं आहे, बाई. मी एक रकाना वाढवतो. सध्या कुठे आहे, तब्येत कशी आहे. सगळ्या निवाऱ्यांना आजच कळवतो, आठ दिवसांत भरून पाठवा. जे भरणार नाहीत त्यांना आठवण जाईल आपोआप. म्हणजे यादी तयार...”

बाईंनी हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. आपटलं नाही. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं मिटलं.

जयवंतची बोटं अजून तशीच होती, हवेत.

“मग मला कळणार कसं?” तो म्हणाला. आवाज पाचवीतल्या पोरासारखा झाला होता. “बाई... सांगा ना. कसं कळणार?”

बाईंनी त्याचा गार झालेला चहा उचलून पायरीखाली ओतला. कप घेऊन उठल्या. दारापर्यंत गेल्या, आणि मागे न वळता म्हणाल्या,

“आप्पांना कळलं तसंच, सोळा निवारे बाकी आहेत. फाट्यावर सकाळची पहिली एस. टी. पावणेसहाला येते.”